साहेबांच्या मापाचा पतंग

साहेबांना मी समुद्रावर बोलावलं, एवढीच माझी चूक. पुढचं सगळं वाऱ्याने केलं. (बायकोचं मत वेगळं आहे. पण ज्या दिवशी तिचं मत वेगळं नसेल, त्या दिवशी मी डॉक्टरला फोन करीन.)

आमच्या ऑफिसात हेडक्लार्कची खुर्ची कधीची रिकामी होती आणि तिच्यावर कोणाला बसवायचं हे एकट्या साहेबांच्या हातात होतं. साहेबांना खूश करायचे सगळे मार्ग आमच्या लोकांनी वापरून वापरून गुळगुळीत करून टाकलेले. त्यांच्या विनोदाला हसायचं म्हटलं तरी आधी चार जण हसून मोकळे झालेले असत. मला काहीतरी नवीन हवं होतं, आणि तेव्हा मला मेहुणा आठवला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शिकला इंजिनियरिंग, आणि करतो काय, तर किनाऱ्यावर पत्र्याची शेड टाकून चांगल्या घरच्या माणसांना पतंगाला बांधतो आणि पाण्यात सोडतो. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो, आणि माणूस याचे वर पैसे देतो! ज्याला बस मिळते त्याने असा प्रवास का करावा, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. शिवाय त्याला पतंग म्हटलेलं मेहुण्याला चालत नाही.

"भाऊजी, पतंग पोरं उडवतात. ही काइट आहे."

म्हणजे पतंग पोरं उडवतात आणि काइट पोरांना उडवते, एवढाच काय तो फरक.

साहेबांना मात्र कल्पना भलतीच आवडली. ते काही रविवार शिकायला आले. वारा मंद होता आणि साहेब भरभक्कम, म्हणून मेहुणा त्यांना बारा मीटरचा मोठा पतंग देई. त्या बारावर साहेब पाण्यात एका खोलीची लांबी सरकले आणि सोमवारी ऑफिसात असे चालले, की समुद्राची बदली त्यांच्याच खात्यात झाली असावी. मला ते चक्क "आमचे हे" म्हणू लागले. खुर्ची माझ्या अगदी बुडाशी आली होती.

आणि मग तो रविवार उजाडला. वारा असा सुटला होता की शेडचा पत्रा थडथडत होता आणि चहात साखरेपेक्षा वाळू जास्त होती. आमची बायको (ती हे सगळं माझ्यादेखत शिकली, मी तिची पर्स धरून उभा होतो) रविवारी भावाची शेड सांभाळते. तिने हातातलं वारा मोजायचं यंत्र वर धरलं.

"पंचवीस नॉट. आज कोणी शहाणपणा करायचा नाही. मी पलीकडे त्याच्या मदतीला जाते. साहेब आले तर त्यांना नऊचा द्या."

"नऊ? त्यांना तर बारा लागतो."

"तो मंद वाऱ्यात. वारा वाढला की पतंग लहान घ्यायचा. माणूस जड असला तर थोडा मोठा, पण थोडाच. भिंतीवर तक्ता लावलाय, वाचा. शिकलेले आहात ना?"

"आणि मला कितीचा?"

"तुम्ही सातच्या पिशवीवर बसा," असं म्हणून ती गेली.

मी बसलो. तक्ताही वाचला. एका बाजूला माणसांची वजनं, दुसऱ्या बाजूला वारा, मधे पतंगाचे आकडे. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. एवढ्यात साहेब आले. अंगात काळा रबरी पोशाख, आणि आत साहेब कोंबलेले. मी ताडकन उठलो.

"ही पिशवी कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी, साहेब. सातची." (बसण्यापुरती माझीच होती की.)

"आणि माझा पतंग?"

"नऊचा, साहेब."

साहेबांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रजेचा अर्ज बघताना ते असेच बघतात.

"तुमचा सात. माझा नऊ."

"तसं तक्त्यात आहे, साहेब."

"तक्ता कोणी केला?"

"मेहुण्याने."

"त्याला मंजुरी कोणाची?"

मंजुरी कोणाचीच नव्हती. वाऱ्याचा कायदा वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यावा, हे मेहुण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. (इंजिनियर!) "नुसत्या झुळुकीत मला बारा दिला," साहेब म्हणाले, "आणि आज एवढा वारा असताना नऊ? मी काय शाळकरी पोर आहे?" त्यांच्या आवाजात हेडक्लार्कची खुर्ची दूर सरकताना मला स्पष्ट ऐकू आली.

आता माझा विचार ऐका. ऑफिसात माझं टेबल जेवढं, त्याच्या बरोबर दुप्पट साहेबांचं टेबल. पंखा माझा एक, त्यांचे दोन. माझ्या खुर्चीला हात नाहीत, त्यांच्या खुर्चीला दोन्ही आहेत. असं असताना कारकून सातवर आणि साहेब नऊवर, ही मधली दोन मीटरची तफावत म्हणजे उघड उघड अपमान होता. साताची दुप्पट चौदा. शेडच्या कोपऱ्यात चौदाचा पतंग होताच. धूळ खात पडला होता, तरी तो का वापरत नसतील असा प्रश्न मला पडला नाही. मी तो झटकला आणि अदबीने पुढे केला.

"आता कसं!" साहेब म्हणाले.

पतंगाची कड धरून मी उभा राहिलो. दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला साहेबांनी कमरेचा हूक अडकवला, अंगठा वर केला आणि हुकूम दिला, "सोडा!"

मी सोडला. साहेब जागेवर नव्हते. (भेटायला येणाऱ्या लोकांना हे वाक्य मी रोज सांगतो, खरं निघालं ते त्या दिवशीच.)

आधी ते एका मजल्याएवढे वर गेले, मग खाली आले आणि वाळूतून पोटावर घसरत निघाले. वाटेत आइस्क्रीमवाल्याची छत्री लागली, तीही सोबत निघाली. नव्याने शिकणाऱ्यांचा वर्ग दोन्ही बाजूंना पांगला. मागून बायको धावत येत होती.

"छातीवरची लाल मूठ पुढे ढकला! ढकला!"

ती मूठ ढकलली की पतंगातला जोर जातो आणि माणूस सुटतो. पण साहेबांना स्वतःच्या हाताने काही करायची सवय राहिलेली नाही. ते तशाही अवस्थेत माझ्याकडे मान वळवून ओरडले, "तुम्ही ढकला!" मी "हो साहेब" म्हणालो आणि धावायला लागलो, पण माझ्या आधी बायको पोचली. तिने साहेबांच्या अंगावर झेप घेतली, मूठ ढकलली, आणि चौदा मीटरचा तो पतंग मलूल होऊन वाळूत पडला.

साहेबांनी तोंडातली वाळू थुंकली. मेहुणाही धापा टाकत आला.

"चौदा कोणी काढला? भाऊजी, चौदा मी वारा पडलेला असतो तेव्हा काढतो. आज त्याने हत्ती उचलला असता!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या दुपटीचा हिशेब समजावून सांगितला. सांगताना तो मलाही तितकासा पटला नाही. बायकोने कपाळावर हात मारला.

सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं. हात गळ्यात अडकवलेला, नाकावर चिकटपट्टी. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा जुळवत उभा राहिलो.

"तुमच्या मेहुण्यांनी काल मला नीट समजावलं," साहेब म्हणाले. "वारा जोराचा असला की मोठा घ्यायचा नाही. मोठा आपल्यालाच ओढून नेतो. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"या वर्षी वरून तपासणी आहे. नवे मोठे साहेब कडक आहेत. म्हणजे वारा जोराचा आहे. अशा वेळी मी हुशार, धडाडीचा हेडक्लार्क नेमला, तर तो मला कुठल्या कुठे ओढत नेईल. मला असा माणूस हवा, जो वर चढवला तरी मला जागचा हलवणार नाही. सगळं ऑफिस नजरेखालून घातलं." त्यांनी डाव्या हाताने कशीबशी सही केली. "तुमच्याहून लहान माप सापडलं नाही."

मी हेडक्लार्क झालो! घरी आल्या आल्या बायकोला बातमी दिली. आधी माझ्या कर्तबगारीमुळे असं सांगितलं. तिने नुसतं पाहिलं, तेव्हा खरं काय ते सांगितलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"उशिरा का होईना, साहेब शिकले," ती म्हणाली. "मोठे मोठे सोडून मी तुमच्याशी लग्न केलं, ते काय उगाच? माझा वारा मला ठाऊक होता."