मतदुरुस्तीचा अर्ज

एका साप्ताहिकात संगीताची परीक्षणं लिहिणाऱ्या एका गृहस्थांचं एका रॉक अल्बमबद्दलचं मत तीस वर्षांत बदललं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या घरातच राहिली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण एका सोमवारी ती संपादिकाबाईंच्या लक्षात आली आणि प्रकरण कागदावर आलं.

गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे. कचेरीत त्यांना मागून 'कात्री' म्हणत आणि समोरून 'सर'. संपादिकाबाई मात्र 'काका' म्हणत, कारण कात्रींना नोकरीवर घेतलं होतं बाईंच्या वडिलांनी. तेव्हा बाई दोन वर्षांच्या होत्या आणि परीक्षणासाठी आलेल्या कॅसेटची टेप टेबलाखाली बसून ओढून काढत. त्या वर्षी काही बँड केवळ यामुळे वाचले, असं कात्री म्हणत.

ज्या अल्बमवरून हे घडलं त्याचं नाव 'तिसरी बाजू', आणि बँडचं नाव 'गंज'. चौघे जण होते. अठ्ठावीस वर्षांच्या कात्रींनी तो अल्बम सहा वेळा ऐकला आणि चारशे शब्द लिहिले. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीच्या गिटारचं मनापासून कौतुक केलं. तिसऱ्या गाण्याबद्दल लिहिलं, की यातला ड्रम बस चुकलेल्या माणसासारखा गाण्याच्या मागून धावतो. शेवटी लिहिलं, 'गंज चढायला आधी लोखंड लागतं. ते मिळालं की या मुलांनी पुन्हा यावं.' आठ महिन्यांत बँड मोडला. कोणाला फारसं कळलंही नाही.

मग तीस वर्षांनी गाद्यांच्या एका जाहिरातीत त्यातलं तिसरं गाणं वाजलं. पंधरवड्यात 'तिसरी बाजू' काळाच्या पुढचा अल्बम ठरला. त्याची नवी आवृत्ती निघाली. जाड पुठ्ठ्याच्या पेटीत, चौघांच्या जुन्या केसांच्या फोटोंसकट. तेव्हा ज्यांनी तो ऐकला नव्हता त्यांना तो आता आठवू लागला. साप्ताहिकाने 'पुन्हा ऐकताना' नावाचं सदर सुरू केलं, आणि पहिल्याच अंकासाठी जुने गठ्ठे चाळताना बाईंना ते चारशे शब्द सापडले.

"काका, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. खाली नाव आहे."

"तेच म्हणते मी, नाव आहे. मग आता या मताचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? ते छापून झालंय."

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, पण तो तिथपर्यंत नेला. मग खणातून एक छापील कागद काढला. मतदुरुस्तीचा अर्ज. पहिल्या रकान्यात जुनं मत, दुसऱ्यात नवं मत, तिसऱ्यात बदलाचं कारण. कारणं तीनच होती आणि लागू असेल त्यावर खूण करायची होती: (अ) तेव्हा वय लहान होतं; (आ) तेव्हा प्रकृती बरी नव्हती; (इ) काळाच्या ओघात समज वाढली.

"आणि मत तेच राहिलं तर?" कात्रींनी विचारलं.

"त्याला रकाना नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा ऐका, काका. मोकळ्या मनाने ऐका. शुक्रवारपर्यंत बदललं तरी चालेल."

कात्री प्रामाणिक माणूस होते. त्यांनी माळ्यावरून जुनी रेकॉर्ड काढली, पुसली, आणि तीन संध्याकाळी ओळीने ऐकली. खरं सांगायचं तर आपण चुकलो असलो तर बरं, असं त्यांना मनातून वाटत होतं. या वयात एखादी सुंदर गोष्ट नव्याने सापडली तर कोणाला नको असते? दुसऱ्या गाण्याची गिटार वाजली आणि त्यांच्या अंगावर तसाच काटा आला. मग तिसरं गाणं आलं. तीस वर्षं झाली होती, पण ड्रम अजून पोचला नव्हता.

त्यांची बायको कानांच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासण्याचं काम करत असे. त्यांनी तिला बोलावलं. "तुला काय वाटतं?"

"अहो, मी दिवसभर लोकांना बारीक शिट्ट्या ऐकवते आणि हात वर करायला लावते. घरी तरी मला काही वाटायला लावू नका," ती म्हणाली. मग दारात थांबली. "तो मागे वाजवणारा जरा रेंगाळतोय मात्र."

शुक्रवारी कात्रींनी दुसऱ्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' असं लिहून अर्ज परत केला. बैठक बसली. जाहिरात विभागाच्या प्रमुखांनी शंका काढली, की सरांना नीट ऐकू येत नसेल. तसं असेल तर कारण (आ) लागू होतं आणि सगळ्यांचीच सोय होते. कात्रींना कान तपासल्याचा दाखला आणायला सांगण्यात आलं. बायकोने तपासणी केली आणि दाखला दिला. तो नात्यातला म्हणून फेटाळला गेला. दुसऱ्या दवाखान्याने लिहून दिलं, की उजवा कान वयाच्या मानाने उत्तम आहे आणि डावा त्याहून बरा. बाईंनी दाखला दोनदा वाचला. एखाद्याचे रिपोर्ट चांगले आल्यावर माणसं इतकी हिरमुसताना कात्रींनी पहिल्यांदाच पाहिली.

"मग असं करा," बाई म्हणाल्या, "बँडमधल्या कोणाला तरी भेटा. तो माणूस समोर बसला, की तुम्हाला आपोआप वाईट वाटेल. वाईट वाटलं की मत बदलतं."

गायक मुलाखती देण्यात गुंतला होता. गिटारवाला परदेशी होता, दुसरा गिटारवाला वारला होता. राहिला ड्रमवाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं.

कात्री दुकानात शिरले तेव्हा काउंटरमागे चोविसेक वर्षांची मुलगी एका चष्म्याचे स्क्रू आवळत होती. आतून पांढऱ्या मिशीचा चष्मेवाला बाहेर आला. कात्रींनी नाव सांगितलं. चष्मेवाल्याने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, हाताला धरून नंबर तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "वाचा."

कात्रींनी अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचलं.

"डोळे बरे आहेत तुमचे," चष्मेवाला म्हणाला. "कान तर तेव्हाच बरे होते."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आठ दिवस होता. मग मी रेकॉर्ड लावली आणि मन घट्ट करून बसलो. तिसऱ्या गाण्यात मी मागे होतो, साहेब. ताप होता त्या दिवशी, पण स्टुडिओ पुन्हा मिळणार नव्हता. मित्र, नातेवाईक, सगळे म्हणायचे झकास. मला वाटतं त्यांनी फक्त कव्हर पाहिलं होतं. तुम्ही एकट्याने ऐकलं होतं." त्याने खुर्चीचा दिवा मालवला. "आता आमचा गायक मुलाखतीत सांगतो, की मी मुद्दाम मागे वाजवलं, ती व्यवस्थेविरुद्धची बंडखोरी होती. मी फोन केला त्याला. म्हटलं, अरे, ताप होता. तो म्हणाला, हे बाहेर बोलू नकोस."

कात्रींना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

"ही माझी मुलगी," चष्मेवाला म्हणाला. "दिवसा लेन्स बसवते, संध्याकाळी ड्रम वाजवते. तिच्या बँडचा पहिला अल्बम गेल्या आठवड्यात आलाय. सगळे झकास म्हणताहेत, म्हणून मला काळजी वाटते. तुम्ही ऐकाल का? शिव्या द्याव्या लागल्या तर द्या. पण ऐकून द्या."

"बाबा, त्यांना अवघडल्यासारखं होतंय," मुलगी म्हणाली. तरी तिने चष्म्याच्या एका डबीत पेन ड्राइव्ह घालून ती कात्रींच्या हातात दिली.

पुढच्या अंकात कात्रींनी स्वतःचा लेख वाचला. मथळा होता, 'मी चुकलो'. त्यात त्यांची समज काळाच्या ओघात कशी वाढली याचं हृद्य वर्णन होतं. आपण स्वयंपाकघरात उभ्याने रडलो, हेही त्यांना तिथेच कळलं.

"हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"तुमच्या वतीने लिहिलंय, काका. लोकांना किती आवडलंय बघा. चूक मान्य करणारा माणूस हल्ली मिळतो कुठे?"

लोकांना खरोखरच आवडलं होतं. पत्रांचा पाऊस पडला. आपण 'तिसरी बाजू' पहिल्याच दिवशी दुकानासमोर रांग लावून घेतला होता, असं इतक्या जणांनी कळवलं, की तेवढी माणसं त्या रस्त्यावर मावली नसती. काही जणांचा तेव्हा जन्म व्हायचा होता. त्यांनी आपण आईबरोबर होतो असं कळवलं. साप्ताहिकाने मग मोठ्या सभागृहात सामूहिक पुनर्श्रवण ठेवलं. नऊशे खुर्च्या भरल्या. डोळे मिटण्याची विनंती निमंत्रणातच छापलेली होती. सुरुवातीला कात्रींना मंचावर बोलावून, प्रांजळपणाबद्दल गुच्छ देण्यात आला. नाही म्हणावं असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. पण गुच्छ हातात आला तेव्हा नऊशे माणसं उभी राहिली होती, आणि आयुष्यात त्यांच्यासाठी याआधी कोणी खुर्चीवरून उठलं नव्हतं. त्यांनी गुच्छ घेतला. वर 'धन्यवाद' म्हणाले.

तिसरं गाणं सुरू झालं आणि हुंदके ऐकू येऊ लागले. तेवढ्यात नवव्या रांगेतून चष्मेवाला उठला. तो शांतपणे म्हणाला, "माफ करा, रडण्यासारखं काही नाही. इथे ड्रम मागे पडलाय."

निवेदक पंचविशीचा होता. त्याच्या शर्टावर 'गंज' असं गंजलेल्या अक्षरांत छापलं होतं. "काका, हा अल्बम कळायला त्या काळात असावं लागतं," तो म्हणाला.

"मी होतो. वाजवणारा मीच आहे."

"प्रत्येकालाच तसं वाटतं. हेच तर या अल्बमचं मोठेपण आहे," निवेदक म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन स्वयंसेवकांनी चष्मेवाल्याला आदराने कोपराला धरून बाहेर नेलं. मंचावर बसलेल्या गायकाने डोळे उघडलेच नाहीत. निमंत्रणात तशी विनंती होती. कात्रींचे मात्र उघडे होते. ते मांडीवर गुच्छ घेऊन बसून राहिले.

त्या रविवारी त्यांनी डबी उघडली आणि मुलीचा अल्बम सहा वेळा ऐकला. दुसऱ्या गाण्यात घाई होती. चौथं नसतं तरी चाललं असतं. पाचवं ऐकून ते उठून खिडकीशी गेले आणि परत येऊन तेच पुन्हा लावलं. मग त्यांनी चारशे शब्द लिहिले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी असं खोडत खोडत लिहिलं नव्हतं.

मंगळवारी मजकूर परत आला. त्यावर शिक्का होता, 'मुदतपूर्व'.

"परवा धोरण ठरलं, काका," बाई म्हणाल्या. "ताज्या अल्बमवर मत दिलं, की तीस वर्षांनी ते चुकीचं निघू शकतं. आपण एकदा पोळलोय. म्हणून आता कोणत्याही अल्बमचं परीक्षण तो तीस वर्षांचा झाल्यावरच. नवे आलेले नोंदवून कपाटात ठेवायचे."

"पण हे पाचवं गाणं विलक्षण आहे."

"आणि बाकीची?"

"दुसऱ्यात घाई आहे."

"बघा. म्हणजे तुमचंही नक्की नाही."

"तीस वर्षांनी मी अठ्ठ्याऐंशीचा असेन."

"म्हणूनच आत्ता काही लिहून ठेवू नका," बाई मायेने म्हणाल्या. "त्या वयात मत बदलायला फार त्रास होतो."

शनिवारी संध्याकाळी मुलीच्या बँडचा कार्यक्रम होता. लोकाग्रहास्तव त्याच संध्याकाळी त्याच इमारतीत वरच्या मोठ्या सभागृहात दुसरं सामूहिक पुनर्श्रवण होतं, आणि त्याची रांग रस्त्यापर्यंत आली होती. रांगेतल्या दोघांनी कात्रींना ओळखून पुढे जायला वाट करून दिली. ते वर न जाता तळघराकडे वळले. रांगेला वाटलं, सर स्वच्छतागृहाकडे चालले आहेत.

खाली अकरा माणसं होती. त्यात एक कात्री, एक त्यांची बायको आणि एक चष्मेवाला. कात्री त्याच्याशेजारी जाऊन बसले. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," चष्मेवाला म्हणाला. "ऐका आता. सुरू होतंय."

पाचव्या गाण्याला मुलीने काठ्या उचलल्या आणि ती नेमकी जिथे हवी तिथे होती. ना पुढे, ना मागे. बायकोने दिवसभर लोकांकडून करवून घेतलेली गोष्ट नकळत स्वतः केली: तिचा हात वर गेला.

कार्यक्रम संपल्यावर कात्रींनी शिक्का मारलेला कागद मुलीला दिला. तिने उभ्या उभ्याच वाचला. दुसऱ्या गाण्याच्या ओळीवर थांबली, बोटांनी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला, पुन्हा धरला. "बरोबर आहे. मी पळते इथे," ती म्हणाली, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

वरती तेव्हा नऊशे माणसं डोळे मिटून बसली होती. वाचकहो, त्या संध्याकाळी आपण वर होता की खाली, हे सध्या आपल्याला कोणी विचारणार नाही. तीस वर्षांनी विचारतील. तेव्हा त्या तळघरात किती दाटी होती, हे आपण सांगणार आहातच.