घोड्याच्या मागल्या पायांची फत्ते

सर्व लहानथोरांस ठावे व्हावे की, यॉर्कशायर प्रांती रॉदरहॅम कसब्यातील दोघां शिलेदारांनी शेफिल्डच्या थोरल्या रंगमहालावर जी स्वारी केली, तिची हकीकत लोकांनी तिखटमीठ लावोन पार नासविली. सबब खरे वर्तमान येथे कलमबंद केले आहे.

अजम नेव्हिल हिंचक्लिफ, बस हाकण्याचे चाकरीतून फारिग, अंगाने भरदार, मनाने हळवे. आणि त्यांचे बाळपणीचे दोस्त बॅरी रॅग, कसबे मजकुरीचे नळवाले, तोंडाने जबर. तीन सालांमागे याच महाली डार्ट्सच्या, म्हणजे फळीवर छोटे बाण फेकण्याच्या, खेळात एका वीराने पाचशे एक गुण अवघ्या नऊ बाणांत शून्यावर आणिले, जे पाहणे लोकांच्या उभ्या जन्मी नशिबी येत नाही. आणि ते समयी बॅरीराव मेजावर हजर होते आणि नेव्हिलराव बिअरच्या रांगेत. मग लग्न असो, मयत असो, बॅरीरावांनी तीच कथा लाविली आणि नेव्हिलराव वरकरणी हसत राहिले, परंतु आत जीव जळे. मरणापूर्वी एकवार नवबाणी याचि डोळां पाहावी, एवढीच त्यांची मुराद.

या खेळास सोंगे घेवोन जाण्याचा रिवाज. सबब यंदा दोघे मिळोन एक कापडी घोडा, एक मुखाकडे, एक मागल्या पायांत, ऐसी मसलत ठरली. मुखाकडे कोण, याचा निवाडा गुरुवारी गुत्त्यातील फळीवर जाहला. डाव दुप्पट गुणांच्या, म्हणजे दुहेरी, खणातच संपवावा लागतो; नेव्हिलरावांस अखेरचा दुहेरी एक काही केल्या लागेना, आणि ते हरले. मग तह जाहला की मध्यंतरापर्यंत मागले पाय नेव्हिलरावांनी चालवावे, नंतर अदलाबदल व्हावी.

"पहिल्या अर्ध्यात काही घडत नसतं रे," बॅरीराव म्हणाले. "ग्लिन प्रॉसरचा हात तापायलाच तास लागतो."

मग बाकांवर जोगिणी, केळी, पोप आणि अग्निशामक यांची दहा हजारांची फौज जमा जाहली, बिअरचे घडे फिरले, कर्णे वाजले, आणि वेल्सचा सरदार ग्लिन प्रॉसर मशालींच्या उजेडात रंगमंचावर दाखल जाहला. नेव्हिलरावांस बॅरीरावांच्या पाटलोणीखेरीज काही दिसेना, आणि त्या पाटलोणीस व्हिनेगर घातलेल्या चिप्सचा वास येत होता.

तिसऱ्या डावी प्रॉसरच्या नावे एकशे ऐंशीचा, म्हणजे तीन बाणांच्या कमाल गुणांचा, पुकारा जाहला. मग पुन्हा एकशे ऐंशी. महाल ऐसा गर्जला की घोड्याचे पोट थरथरले.

"काय झालं? बॅरी, काय झालं?"

"काही नाही! गप बस!"

"सहा बाण सरळ गेले ना? खोटं बोलू नकोस, मला ऐकू येतंय!"

"गेले रे बाबा, गेले!"

"मग काढ मला बाहेर! पुन्हा नाही हं! पुन्हा चुकलं तर मी तुझं तोंड बघणार नाही!"

हे शेवटले शब्द नेव्हिलरावांनी रडवेल्या सुरात उच्चारिले, हे लपविण्यात हशील नाही. बॅरीरावांनी घोड्याचे मुंडके फेकोन दिले आणि पाठीवरील चेन ओढिली. ती अस्तरात अडकोन बसली. तिकडे प्रतिस्पर्ध्याने आपले तीन बाण कसेबसे टाकिले, कारण त्याचीही नजर प्रॉसरवर होती. प्रॉसर रेषेवर उभा राहिला. महाल चिडीचूप.

सातवा बाण तिहेरी विसात. बॅरीरावांनी एकवार फळीकडे पाहिले, एकवार तडफडणाऱ्या घोड्याकडे, आणि फळीकडे पाठ करोन चेनीशी गुडघे टेकिले. आठवा तिहेरी एकोणिसात. मग हात चालेना म्हणोन बॅरीरावांनी दात लाविले, अस्तर टरकाविले, आणि घोड्याच्या पाठीतून नेव्हिलरावांचे घामाघूम लाल मस्तक वर आले, नेमके त्या क्षणी की नववा बाण प्रॉसरच्या बोटांतून सुटला आणि दुहेरी बारात जाऊन रुतला.

मग जे जाहले ते सांगता येत नाही. बिअरचा पाऊस पडला. जोगिणींनी पोपांस मिठ्या मारिल्या. नेव्हिलराव लहान पोराप्रमाणे हमसून रडले. बॅरीराव तोंडातील चिंधी थुंकीत उभे राहिले.

"बघितलास?"

"बघितला."

"कसा गेला?"

नेव्हिलरावांनी सांगण्यास तोंड उघडिले, आणि तेव्हा कोठे त्यांस उमगले की बॅरीरावांनी काय गमाविले.

दुसरे दिवशी, रविवारी दुपारी, गुत्त्यात भाजलेल्या मांसाच्या ताटांवर सारा कसबा जमला. तीन सालांचे उट्टे काढण्याची ही घडी, म्हणोन लोक कान टवकारून बसले. मालकीणबाई ग्लेनिस यांनी भर सभेत सवाल केला की नववा बाण कोणी पाहिला. बॅरीरावांनी मान खाली घालोन बटाट्यावर रस्सा ओतिला.

"कोणी म्हणजे?" नेव्हिलराव म्हणाले. "दोघांनी! ह्याला विचारा ना, माझ्यापेक्षा हाच रंगवून सांगेल."

बॅरीरावांनी खुर्ची पुढे ओढोन सुरुवात केली, आणि जागोजागी चुकले, आणि नेव्हिलरावांनी एकदाही अडविले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नववा बाण घोड्याने पुढून व मागून, दोन्हींकडून पाहिला, ऐसे नमूद केले असे. याविरुद्ध कोणी बोलेल त्याचे बोलणे सरकारात ग्राह्य धरिले जाणार नाही.