किंकाळीबाईंचं भाषण

न्हाणीघराच्या कडीची मूठ हातात निघून आली, तेव्हा किंकाळीबाई भाषणाच्या ऐन रंगात होत्या.

किंकाळीबाई हे त्यांचं स्टुडिओतलं नाव. परदेशी सुपरहिरोंचे सिनेमे आपल्या भाषेत यायचे, त्यातल्या नायिकांना त्या आवाज द्यायच्या. आवाज कसला, किंकाळ्याच! नायिका कधी शास्त्रज्ञ असे, कधी वैमानिक, कधी कुठल्याशा ग्रहाची राणी. पण संकट आलं की सगळ्या शिक्षणावर पाणी सोडून ती गच्चीच्या कठड्याला लोंबकळायची आणि ‘वाचवा!’ म्हणायची. मग नायक उडत यायचा आणि बाई म्हणायच्या, ‘तू आलास!’ की झालं काम.

बाईंना एकदा तरी एक सबंध वाक्य बोलायचं होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्या नायकाची वाक्यं मनातल्या मनात म्हणून बघायच्या आणि मग उगाचच उदास व्हायच्या. अखेर नशीब उघडलं. नव्या सिनेमात नायिकेला चक्क भाषण होतं: ‘बाजूला हो. पूल पडतोय आणि वर माणसं आहेत. मला वाचवू नकोस, मला वाट दे.’

रेकॉर्डिंग दुपारी होतं. सासूबाईंचा टीव्ही ऐकू येणार नाही अशी घरात एकच जागा, म्हणून बाई सरावाला न्हाणीघरात शिरल्या. ‘बाजूला हो’ला त्यांनी दारावर असा काही तळवा हाणला की कडी वाकली, आणि ‘वाट दे’ला दार ओढायला गेल्या तर मूठच हातात. फोन बाहेर टेबलावर.

“वाचवा!” बाई ओरडल्या. सवयच ती.

बाहेर सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बाईंनी खिडकीच्या झडपेला तोंड लावलं. “काकू! वाचवा हो, मी अडकलेय!”

समोरच्या काकू खिडकीत आल्या. बाई नव्याने राहायला आल्या, तेव्हा याच काकू पहिल्या किंकाळीसरशी झाडू घेऊन धावून आल्या होत्या. त्यानंतर त्या शहाण्या झाल्या.

“छान जमलंय!” काकू म्हणाल्या. “पण ‘अडकलेय’ला रडू कमी पडतंय बघ.”

“अहो, खरंच अडकलेय!”

“हां, आता आलं!” आणि काकूंनी खालच्या शिंपीणबाईंनाही हाक मारून ऐकायला बोलावलं. दोघींनी मिळून टाळ्या वाजवल्या.

बाई जितक्या जीव तोडून ओरडत, तितकी दाद वाढत गेली. घसा बसला. स्टुडिओची वेळ जवळ येत होती. बाईंनी पालथ्या बादलीवर मटकन बसकण मारली. इतक्या वर्षांनी वाट्याला आलेली ती वाक्यं आता दुसरीच कोणी म्हणणार, या विचाराने त्यांना खरोखरच रडू कोसळलं. रडून झालं, तशी दाराबाहेर सासूबाईंची पावलं वाजली; पण ओरडायचं त्राणच उरलं नव्हतं, म्हणून त्या दाराच्या फटीशी साध्या आवाजात म्हणाल्या, “आई, कडी तुटलीय. हत्यारांच्या डब्यातला स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि बाहेरच्या पट्टीचे स्क्रू ढिले करा. घाबरू नका, पण आत्ता या.”

टीव्ही बंद झाला.

“अगंबाई! खरंच अडकलीस की काय?”

“आता कसं कळलं?”

“सिनेमातली बाई असं धडपणे कधी बोलते का?” स्क्रू फिरवता फिरवता सासूबाई म्हणाल्या.

बाई टॅक्सीने धापा टाकत स्टुडिओत पोचल्या. दिग्दर्शकांनी त्यांचा घोगरा आवाज ऐकून कपाळाला हात लावला. “जाऊ द्या, ही वाक्यं नायकालाच देऊ. नायिकेचं नुसतं ‘हं’ ठेवू.”

एरवी बाई ‘बरं’ म्हणाल्या असत्या. आज त्यांनी माइक पुढे ओढला. “तुम्ही काचेपलीकडे जा. चित्र सुरू करा. मी बोलते.”

दिग्दर्शक काचेपलीकडे गेले. बाई हळू, घोगऱ्या आवाजात बोलल्या. ‘मला वाट दे’ म्हणताना इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्यात उतरलं, आणि वाक्य संपल्यावर यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

“वा!” दिग्दर्शक भानावर आले. “आता एवढंच राहिलं. खलनायक मागून झडप घालतो, तिथे आपली नेहमीची किंकाळी.”

बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा. पुन्हा उघडलं, पुन्हा हवाच. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या किंकाळ्या न्हाणीघरात खर्ची पडल्या होत्या.

प्रदर्शनाची तारीख तोंडावर आली होती, त्यामुळे सिनेमा तसाच लागला. खलनायक मागून येतो, नायिका गर्रकन वळते, तोंड उघडते आणि ओरडत नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहते. तेवढ्या वेळात थिएटरात कुणी चुळबुळतसुद्धा नाही. सगळे जण कान टवकारून वाट बघतात, आता ही काय बोलणार?