दुख्तेर म्हणजे दुखणं नव्हे

इंग्रजीतला कुठलाही शब्द द्या, मी त्याची सात पिढ्यांची कुंडली मांडतो. बारामतीच्या कॉलेजात मी तेच शिकवतो. पण शहाण्णव साली निमगाव केतकीला मुलगी बघायला गेलो आणि ही विद्या माझ्याच अंगाशी आली.

त्याआधी बऱ्याच ठिकाणचे नकार पचवून झाले होते. जळोचीहून निघतानाच रावजीमामांनी बजावलं होतं, "तोंड उघडू नको."

मुलगी, सुकन्या, पोहे देऊन समोर बसली. मी मान खाली घालून पोहे संपवले. शेवटी तिचे वडील गेणूराव म्हणाले, "पाव्हणं, लेकीला विचारा की कायतरी."

मी घाबरलो की मला शब्दांची मुळं सुचतात. म्हणालो, "लेक म्हणजे डॉटर. त्याचं मूळ जुन्या जर्मानिक भाषेत. तो शब्द कुठं लिहिलेला सापडत नाही, अभ्यासकांनी तर्कानं उभा केलाय. दुख्तेर."

"दुखतंय?" तिची आई सिंधुबाई पुढं सरकली. "कुठं दुखतंय?"

"दुखत नाही. दुख्तेर. त्याचंच डच भाषेत डोख्टर..."

"आरं, डॉक्टरला बोलवा कुनीतरी," गेणूराव दाराकडं बघून ओरडले.

मला दरदरून घाम फुटला. त्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली. सिंधुबाई नवऱ्याच्या कानाशी लागली, पण ऐकू आलंच. "पोरगं आजारी हाय. आन् आपल्याला सांगितलं न्हाय."

मामांनी डोळे मिटून घेतले.

"मी ठणठणीत आहे," मी घाईघाईनं म्हणालो. "जर्मनमध्ये टोख्टर, आपल्या संस्कृतात दुहिता. सगळे एकाच घराण्यातले शब्द. दुहिता म्हणजे दूध काढणारी, असं काही जण मानतात."

गेणूरावांचा चेहरा उतरला. "म्हंजी पोरीनं तुमच्याकडं धारा काढायच्या व्हय? बीएस्सी झालीया ती."

"तसं नाही आबा, हा नुसता अर्थ..."

"अर्थ कळला आमाला."

ते उठायलाच लागले. तेवढ्यात सुकन्यानं मान वर केली. "आणि सन? मुलगा? त्याचा अर्थ काय?"

मला भरूनच आलं. "जर्मानिक सुनुस, संस्कृत सूनु. म्हणजे जन्माला आलेला."

"बरं. आणि तो काय काढतो?"

वाचलेली सगळी पुस्तकं आठवून पाहिली. "काही नाही," मी म्हणालो. "नुसता जन्माला येतो."

गेणूराव परत खाली बसले. "एवढं मातुर खरं बोलला गडी."

आठवडाभरानं होकार आला. कशामुळं आला, हे सुकन्याला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.