काळ्या कापडाचं पाणी

चाकूरच्या रामलिंगरावांच्या बोअरचं पाणी इतकं खारं, की वरणात मीठ टाकायची गरज नव्हती (त्यांच्या पत्नी नीलम्मा तरीही टाकायच्या. सवय!). शाळेच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाल्यावर रामलिंगरावांनी गच्चीवर काचेची पेटी बसवली. तिच्यात खारं पाणी ओतायचं, उन्हानं त्याची वाफ व्हायची आणि तिरक्या काचेवरून ओघळून गोडं पाणी बाटलीत पडायचं. दिवसाकाठी एक तांब्या.

एवढ्यावर थांबले असते तर! पण मोबाइलवर त्यांनी पाहिलं, की पाण्यात काळ्या सुती कापडाच्या पट्ट्या अंथरल्या की दुप्पट निघतं.

छत्रीचं कापड भिजेना. मग वाकळीसाठी बांधलेल्या गाठोड्यात एक जुनेर सापडलं. काळं, मऊ, पाणी चटकन पिणारं. रामलिंगरावांनी कात्री चालवली.

खरंच दोन तांबे भरू लागले. चौथ्या दिवशी नीलम्मा गुडघे धरत कौतुकानं वर आल्या आणि काचेशी वाकून तशाच राहिल्या.

"ओ, ही तांबडी किनार कसली?"

"ती व्हय? तिच्यानं काही बिघडत न्हाई."

"माझ्या आईचं इरकल लुगडं हाय ते."

"गाठोड्यात व्हतं की! मला वाटलं चिंध्या हायेत."

"नातीच्या वाकळीला वरून लावणार व्हते."

त्या भांडल्या असत्या तर रामलिंगरावांना सोसलं असतं. त्या नुसत्या खाली गेल्या.

पेटीतून काढलेल्या पट्ट्या मिठानं पापडासारख्या कडक झाल्या होत्या. बोअरच्या पाण्यानं धुवाव्यात, तर आणखी मीठ! शेवटी पाहुण्यांना दाखवायला महिनाभर साठवलेली गोड्या पाण्याची घागर त्यांनी एका दुपारी पट्ट्यांवर रिकामी केली. थेंबसुद्धा ठेवला नाही.

वाळलेल्या पट्ट्या नीलम्मांनी जोडायला घेतल्या. एकदाच सुई पुढं केली, ओवायला. रामलिंगरावांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं. तिसऱ्या खेपेला दोरा गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोपसमारंभाला शिवलेला स्वतःचा काळा कोट कापला आणि पेटीत अंथरला. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बाटलीत जेमतेम वाटीभर पाणी. टेरिकॉट, भिजलाच नव्हता.

नीलम्मांनी बाटली उजेडात धरली. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या.

"तुमचा कोट तुमच्यावाणीच निघाला. दिवसभर पाण्यात बसला, काम काडीचं न्हाई."