न फुगलेल्या बिस्किटांचा तपास

टेनेसीच्या डोंगरांत, आमच्या बीचर्स गॅप गावात, खासगी गुप्तहेर म्हटलं की एकच नाव घेतलं जातं, आणि ते मीच घेतो. व्हर्लन टिप्टन. वय अडुसष्ट, नजर घारीची, फक्त चष्मा सापडायला हवा. एकतीस वर्षं मी गावातले पाण्याचे मीटर वाचले. त्या निमित्ताने प्रत्येकाच्या परसात गेलो. प्रत्येकाच्या कुत्र्याने मला निरखून पाहिलं आणि दोघांनी चावून खात्री करून घेतली. माणूस किती पाणी वापरतो यावरून त्याच्या मनात काय चाललंय हे मी ओळखतो. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून मी कार्ड छापून घेतलं. पुढच्या बाजूला ‘व्हर्लन टिप्टन, गुप्त तपास’, मागच्या बाजूला ‘गवत कापायच्या यंत्राच्या पात्यांना धार लावून मिळेल’. आजवर जेवढे फोन आले ते सगळे मागच्या बाजूसाठी होते.

तरीही माझ्या नावावर दोन मोठी प्रकरणं आहेत. एकात चोर सापडला नाही आणि दुसऱ्यात चोरीच झाली नव्हती. तिसऱ्यात मात्र गुन्हा खरा होता, आणि तो माझ्याच स्वयंपाकघरात घडला.

गुरुवारी सकाळी माझी बायको ओलेटा हिने ओव्हनमधून ट्रे काढला, ओट्यावर ठेवला आणि ती खुर्चीत बसली. ट्रेवर बारा बिस्किटं होती. आता बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं ते कुरकुरीत प्रकरण नव्हे. आमचं बिस्किट तीन बोटं उंच असतं, वरून सोनेरी, आतून मऊ, पापुद्रे सुटणारं. गरम असतानाच हाताने उघडायचं, आत लोणी लावायचं, वर सॉसेजची पांढरी ग्रेव्ही ओतायची आणि मग अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही. ट्रेवरची बारा मात्र जेमतेम एक बोट उंच होती.

“यांच्यावर कुणी बसलं होतं का?” मी विचारलं. प्राथमिक प्रश्न टाळून तपास होत नाही.

ओलेटा हसली नाही. तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

रविवारी आमच्या चर्चची होमकमिंग होती. त्या दिवशी गाव सोडून गेलेले सगळे परत येतात, प्रार्थना होते आणि मग झाडांखाली लांबलचक टेबलं मांडून जेवण. त्यातलं बिस्किटांचं टेबल चाळीस वर्षं ओलेटाच्या फ्लॉय मावशींकडे होतं. मावशी आता शहाऐंशीच्या. “मला दिसत नाही हल्ली,” असं सांगून त्यांनी यंदा ते टेबल ओलेटाकडे दिलं. आमच्या गावात नगराध्यक्ष बदलला तर कुणी मान वर करत नाही, पण हे टेबल बदललं तेव्हा बायका महिनाभर दुसरं काही बोलत नव्हत्या.

आणि ओलेटाचं एक गुपित होतं. दोन वर्षांपासून तिच्या बोटांचे सांधे सुजतात. गार लोणी बोटांनी पिठात चोळायचं, हे मावशींनी तिला लहानपणी शिकवलं होतं, तेच तिला जमेनासं झालं. मग मुलीने नाताळात फूड प्रोसेसर पाठवला. ते यंत्र आमच्याकडे कपडे धुवायच्या खोलीत टॉवेलखाली राहतं, आणि ते चालवताना ओलेटा रेडिओ मोठा करते. शेजाऱ्यांना वाटतं तिला बॅन्जो फार आवडतो.

“यंत्र तेच, कृती तीच,” ओलेटा म्हणाली. “दोन वर्षं नीट होत होती. आता तीन दिवस ही असली. हात तर गेलेच होते, व्हर्लन. आता डोकंही गेलं की काय माझं?”

“अजून तीन दिवस आहेत.”

“तोवर फुगली नाहीत तर टेबल शेजारच्या वायनेलला देऊन टाकते. आणि पुन्हा म्हणून बिस्किटं करणार नाही.”

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला फार थोड्या वेळा रडताना पाहिलंय, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा कारण मीच होतो. त्या सकाळी ती रडली नाही. नुसती स्वतःच्या हातांकडे बघत बसली. ते मला जास्त लागलं. मी वही काढली आणि प्रकरण माझ्याकडे घेतलं.

प्रथम मी गुन्हा पुन्हा घडवून आणला, म्हणजे ओलेटाला परत बिस्किटं करायला लावली आणि स्टुलावर बसून नोंदी केल्या. तिने डब्यातलं दोन कप पीठ यंत्रात घातलं. गार लोण्याचे तुकडे टाकले. बटण आठ वेळा दाबलं, दाबलं की लगेच सोडलं, लोण्याचे वाटाण्याएवढे कण उरेपर्यंत. मग गार ताक ओतून आणखी तीन-चार वेळा दाबलं. गोळा ओट्यावर काढला, थापला, घडी घालून पुन्हा थापला आणि गोल साचा सरळ खाली दाबून बिस्किटं कापली. एवढ्या वेळात माझी पेन्सिल टोक करून होत नाही. पंधरा मिनिटांनी ट्रे बाहेर आला. बिस्किटं होती तशीच बसकी. ओलेटाने ती पाहिली आणि चवही न घेता ती बाहेर निघून गेली. पुरावा वाया जाऊ नये म्हणून मी चार खाल्ली. जरा फिकी लागली, म्हणून वर मीठ भुरभुरलं.

पहिला संशय यंत्रावर. पात्यांच्या बाबतीत या भागात माझा शब्द अखेरचा मानतात. मी पातं काढलं, भिंगाखाली धरलं आणि धार आहे का ते अंगठ्याने तपासलं. धार होती. ओलेटाने अंगठ्याला पट्टी बांधली आणि वहीत पहिली ठोस नोंद झाली: रक्त आढळले, तपास अधिकाऱ्याचे.

दुसरा संशय ताकावर. कुणी त्यात काही मिसळलं असेल तर चवीला कळेल म्हणून मी एक घोट घेतला. एका घोटात नक्की सांगता येईना. ताक निर्दोष असल्याची माझी खात्री पटली तेव्हा बाटली संपली होती, आणि पुढच्या चाचणीसाठी ओलेटाला दुकानात जावं लागलं. जाताना तिने दार जरा जोरात लावलं.

शुक्रवारी आमचे पास्टर, ब्रदर होबर्ट, रविवारच्या कार्यक्रमाची यादी घेऊन आले. मी त्यांना नकळत साक्षीदार केलं, म्हणजे एक बिस्किट दिलं. त्यांनी घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, मिठाची बाटली उचलली आणि बराच वेळ हलवली.

“छान आहे,” ते म्हणाले. मग धर्मगुरूने खोटं बोलू नये म्हणून पुढे जोडलं, “बशी.”

मी वहीत लिहिलं: होबर्ट मीठ फार खातात. पूर्वी त्यांच्या मीटरवर पाणीही जास्त दिसायचं. दोन्ही गोष्टी अचूक जुळत होत्या, आणि त्या जुळल्याच्या आनंदात मी बिस्किटाचा विचार करायचं विसरलो.

तिसरा आणि सगळ्यात दाट संशय वायनेलवर. तिला मी कुंपणाशी गाठलं.

“वायनेल, मंगळवारी सकाळी साडेनऊला तू कुठे होतीस?”

“तुझ्या स्वयंपाकघरात. तूच दार उघडलंस.”

उत्तर संशय यावा इतकं सरळ होतं. “तिथे काय करत होतीस?”

“टोमॅटो द्यायला आले होते. त्यातले दोन तू उभ्या उभ्या खाल्लेस.”

“ओट्यावरच्या कशालाही हात लावलास?”

“अंगठ्याला काय झालं रे तुझ्या?”

“तो तपासाचा भाग आहे.”

“तू कार्डाची मागचीच बाजू बघ बाबा,” वायनेल म्हणाली. “तिथे तुझं बरं चाललंय.”

शनिवारी दुपारपर्यंत वहीत सात सिद्धान्त झाले. त्यात ओव्हन होता, हवेतला दमटपणा होता आणि खालच्या रस्त्यावरून जाणारे ओंडक्यांचे ट्रकही होते, कारण त्यांच्या हादऱ्यांनी बिस्किटं बसत असावीत. ओलेटाने वायनेलला लावायला फोन उचलला तेव्हा मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

“उद्या सकाळपर्यंत थांब,” मी म्हणालो. “मी गुन्हेगाराला तुझ्यासमोर उभा करतो.”

“तो बसलेला असला तरी चालेल,” ती म्हणाली. “बिस्किटं तेवढी वर येऊ देत.”

रविवारी सकाळी साडेसहाला, कुणी यायच्या आत शेवटचा प्रयत्न करावा म्हणून, आम्ही दोघं चर्चच्या स्वयंपाकघरात पोचलो. घरचा पिठाचा डबा, लोणी, ताक, आणि कपड्यांच्या टोपलीत टॉवेलखाली यंत्र. मोठ्या तपासाचा शेवट सगळ्यांना एका खोलीत जमवून करायचा असतो, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून ओलेटाला न विचारता मी वायनेलला आणि फ्लॉय मावशींना फोन करून बोलावलं होतं. त्या दोघी दारात दिसताच ओलेटाने टोपली ओट्याखाली सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी उत्सुकतेची समजलो.

मी घसा खाकरला, येरझारा घातल्या आणि वायनेलचा हेतू सांगितला. तिला बिस्किटांचं टेबल हवं होतं.

“मला?” वायनेल म्हणाली. “माझ्याकडे बटाट्याचं सॅलड आहे दोनशे माणसांचं. त्यातच जीव जातो माझा. टेबल फुकट दिलं तरी नको.”

हेतू गेला. एक संशयित निसटला की दुसरा चटकन पुढे करावा लागतो, नाहीतर मंडळी उठून जातात.

“मग एकच उरतो,” मी म्हणालो. “जो रोज गुन्ह्याच्या जागी हजर होता आणि ज्याच्या पोटात धारदार हत्यार आहे.” मी टोपली बाहेर ओढली आणि टॉवेल खेचला.

ओलेटाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. दोन वर्षं तिने जे जपलं ते मी गावातल्या सगळ्यात कडक बाईसमोर उघडं केलं होतं. ‘बिस्किट हाताचंच’ हे मावशींचं म्हणणं इथे लहान पोरांनाही पाठ आहे. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

“मावशी, माझी बोटं वळत नाहीत गं,” ओलेटा म्हणाली. “तुला सांगायचं धाडस झालं नाही. टेबल तू दुसऱ्या कुणाला दे.”

फ्लॉय मावशींनी यंत्राकडे पाहिलं, ओलेटाच्या बोटांकडे पाहिलं. मग पिठाचा डबा उघडून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं.

“मीठ कुठंय?”

“पिठात असतं की,” ओलेटा म्हणाली.

“यात नाही. हे साधं पीठ आहे. डबा कुणी भरला?”

आमच्याकडे कुठल्याही घरातला पिठाचा डबा उघडा, आत फुगणारंच पीठ असतं. त्यात बेकिंग पावडर आणि मीठ गिरणीतूनच मिसळून येतं. डब्यावर तसं कुणी लिहीत नाही, कारण दुसरं पीठ त्यात कधी जातच नाही. तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

आता कबूल करायला हवं की त्याच आठवड्यात, सोमवारी, मी आणखी एका प्रकरणावर काम करत होतो. मागच्या ओसरीवरचं मांजराचं खाणं कोण फस्त करतं ते शोधायला मला पावलांचे ठसे हवे होते, म्हणून मी डब्यातलं सगळं पीठ ओसरीवर पसरलं. ठसे झकास उमटले, सगळे माझेच. ओलेटाला कळू नये म्हणून मी दुकानातून हाताला लागली ती पिठाची पिशवी आणली, डबा भरला आणि विसरून गेलो. माझ्या लेखी पीठ म्हणजे पीठ. हे सगळं मी त्या तिघींना सांगितलं, आणि सात सिद्धान्तांत माझं नाव कुठेच नव्हतं हेही सांगितलं.

“म्हणजे माझे हात नव्हते,” ओलेटा हळूच म्हणाली. “डोकंही नव्हतं.”

“डोकंच होतं,” वायनेल म्हणाली, “पण तुझं नव्हे.” आणि गाडीची किल्ली घेऊन ती निघाली. जिच्यावर मी तीन दिवस पाळत ठेवली होती तिने पाव तासात आपल्या घरचं सगळं फुगणारं पीठ आणून ओट्यावर ठेवलं.

तोवर मावशींनी खुर्ची यंत्रापाशी ओढली होती. “हे कसं चालतं ते दाखव मला.”

“मावशी, तूच तर म्हणतेस, बिस्किट हाताचंच.”

“म्हणत होते. तेव्हा हात होते.” त्यांनी दोन्ही पंजे वर धरले. बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती. “टेबल डोळ्यांमुळे सोडलं असं सांगितलं ना मी? माझे डोळे ठणठणीत आहेत. व्हर्लनची विजार मागे उसवलीय ते इथून दिसतंय मला. गेल्या होमकमिंगला पीठ चोळताना मी रडले, पोरी. कुणाला कळू नये म्हणून टेबलच देऊन टाकलं.”

मी हात मागे नेऊन पाहिलं. विजार उसवलेली होती.

ओलेटाने नवं पीठ आणि लोणी यंत्रात घातलं. “दाबायचं आणि सोडायचं, मावशी. आठ वेळा.” मावशींनी वाकड्या बोटाने बटण दाबलं, आवाजाने दचकून हात मागे घेतला, मग पुन्हा दाबलं आणि मोठ्याने मोजायला लागल्या. आठ झाल्यावर त्यांनी आत वाकून पाहिलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि मी चाळीस वर्षं खांदे मोडून घेतले,” मावशी म्हणाल्या. “आण पुढचं पीठ.”

पहिला ट्रे तीन बोटं वर आला. ओलेटाने एक बिस्किट उघडलं आणि ओट्याला टेकून सगळं खाल्लं. त्यानंतर दहा ट्रे झाले. प्रत्येक ट्रेनंतर यंत्राचं भांडं धुवायचं काम माझ्याकडे आलं. ते मला कुणी विचारून दिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुपारी झाडांखाली दोनशे माणसं माना खाली घालून उभी राहिली. ब्रदर होबर्टनी प्रत्येक जेवणाआधी म्हणतात तीच प्रार्थना म्हटली: हे अन्न ज्या हातांनी रांधलं, त्या हातांना आशीर्वाद दे. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे धंद्याच्या सवयीने उघडे असतात. त्यामुळे बिस्किटांच्या टेबलापाशी मावशींनी ओलेटाला कोपराने ढोसलेलं फक्त मला दिसलं. मग त्यांनी एक वाकडं बोट वर केलं आणि हवेतच दाबून सोडलं, दाबून सोडलं. ओलेटाने आपले सुजलेले हात तोंडावर घट्ट धरले होते, तरी तिचे खांदे हलत होते. माझ्या निष्कर्षांवर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही, पण ती रडत नव्हती हे मी शपथेवर सांगतो. मी तिच्याकडे बघतच राहिलो आणि ‘आमेन’ म्हणायचं राहून गेलं.