मूळ लेखक नेब्रास्काचे

घरच्या माणसाने लिहिलेले पुस्तक चांगले असू शकते, हे जगात अद्याप कोठेही सिद्ध झालेले नाही. माद्रिदच्या प्रकाशकांनी हे तत्त्व प्राणपणाने जपले आहे, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तितके थोडेच.

कासिल्दा उरुतिया हिने बावीस वर्षांत एकोणीस अमेरिकन कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आणल्या. (तिचे नाव आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली असे.) मग तिने स्वतःची एक लिहिली. त्यात स्पेनच्याच ला मांचा भागातले गाव होते, केशर निवडणाऱ्या बायका होत्या आणि मुलीशी कधी धड न बोललेला बाप होता. हा बाप अर्थातच तिचा स्वतःचा. एकदा त्याने ती वाचावी, एवढ्यासाठीच सारा खटाटोप.

"छान आहे गं," संपादक फेर्मीन म्हणाला, "पण हे गाव इथून गाडीने दोन तासांवर आहे. लोक पुस्तक कशाला घेतील? जाऊनच येतील!"

कासिल्दाने दुरुस्त्या केल्या. गावाचे अमेरिकेतले नेब्रास्का झाले, केशराचा मका, गाढवाचा ट्रक. बापाचे न बोलणे तसेच ठेवले. ते दोन्ही देशांत चालते. मूळ लेखक म्हणून हार्लन प्रूट नावाचा, जंगलात राहणारा आणि कोणालाही न भेटणारा गृहस्थ नेमण्यात आला; अनुवादक ती स्वतः. (फोटो नसल्यामुळे त्याचा दबदबा वाढला.) फेर्मीनने चार दिवसांत होकार कळवला.

परीक्षणे नऊ आली. नऊही प्रूटवर फिदा. सहांनी अनुवाद ढिसाळ ठरवला, त्यातल्या दोघांनी तर तो मुळाशी ओळीने ओळ ताडून पाहिला होता. (मूळ नव्हतेच, त्यामुळे काम लवकर उरकले.)

रविवारी ती गावी गेली, तर वडील अंगणात तेच पुस्तक घेऊन बसलेले. डोळे ओले. कासिल्दाला भरून आले.

"बाबा, ही कादंबरी मीच लिहिली आहे. त्यातले वडील तुम्हीच आहात."

"वेडी की काय! मी कधी मका लावला?" त्यांनी डोळे पुसले. "अनुवाद तुझा, ठाऊक आहे. चुका केल्यास म्हणे. पण काय लिहितो हा माणूस! नशीबवान गं त्याचा बाप. तूही असं काहीतरी लिहायला हवं होतंस, पोरी."

म्हाताऱ्याला हसू नका. हीच कासिल्दा बार्शीची कुसुम असती आणि तिच्या कादंबरीतल्या बायका केशराऐवजी हरभरा निवडत असत्या, तर तुम्ही दुसऱ्या परिच्छेदातच पान उलटले असते.